हद्दपारी: शिक्षा की निव्वळ प्रशासकीय कारवाई?

परक्या देशाच्या नागरिकाला सरकारने देशाबाहेर काढणे, एवढाच हद्दपारीचा, म्हणजे डिपोर्टेशनचा, अर्थ आज घेतला जातो. पण हद्दपारी आधी शिक्षा होती आणि ती आपल्याच माणसांना दिली जाई. रोमन कायद्यात अशा दोषीला बेटावर धाडत. त्याचे नागरिकत्व जाई, मालमत्ताही जप्त होई. ब्रिटनने १७८८ ते १८६८ दरम्यान सुमारे १,६२,००० कैदी जहाजांनी ऑस्ट्रेलियाला पाठवले.

परकीयांविरुद्ध हे हत्यार पद्धतशीरपणे वापरले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेने १८९२ मध्ये चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा केला. दाखला नसेल तर अटक, आणि आपण आधीपासून इथेच राहतो हे सिद्ध करायला किमान एक विश्वासार्ह ‘गोरा’ साक्षीदार हवा. एका मजुराने चिनी साक्षीदार पुढे केला; ती साक्ष ग्राह्य धरली गेली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९३ मध्ये बहुमताने निकाल लागला की, हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षाच नव्हे. शिक्षा नाही, म्हणून ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्कही नाही. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी विरोधी मत नोंदवले: आधी अटक, मग घर, कुटुंब, धंदा यांपासून ताटातूट, ही शिक्षा नाही तर काय? मला त्यांचे म्हणणे आजही बिनतोड वाटते. ज्याचा संसार उठतो, त्याला कायद्यातल्या या भेदाचा काय उपयोग?

विसाव्या शतकात या शब्दाला आणखी भयानक छटा आली. मे १९४४ मध्ये सोव्हिएत सत्तेने क्रिमियातले तातार समाजाचे लोक अवघ्या तीन दिवसांत मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानला नेले. ते परके नव्हते, सोव्हिएत नागरिकच होते. नाझींनी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेले, त्यालाही हाच शब्द वापरला जातो. म्हणूनच १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धात परक्या सैन्याने व्यापलेल्या प्रदेशातून तिथल्या सामान्य लोकांना सक्तीने हलवण्यावर बंदी घातली, तर १९५१ च्या निर्वासित कराराने जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडायला मनाई केली, त्यालाही काही अपवाद ठेवून.

प्रत्यार्पण मात्र निराळे. तिथे दुसरा देश खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी आरोपीची मागणी करतो. हद्दपारीत कोणी मागितलेले नसते. ठेवून घेणाऱ्यालाच तो माणूस नको असतो.