जंत झालेत की नाही, कसं कळणार?

पोरगं झोपेत दात खातंय म्हणजे पोटात जंत झालेत, हे आपल्याकडे आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना पक्कं माहीत असतं, आणि "गोड कमी खा म्हटलं होतं ना" हे त्याच्या पाठोपाठ येतंच. पण गोडाने जंत होत नाहीत, बहुतेक वेळा जंतांची अंडी पोटात गेली की होतात. आणि नुसत्या दात खाण्यावरून काही ठरवता येत नाही.

मुळात आपण एकाच शब्दात दोन-तीन वेगळे प्राणी कोंबलेत. शी करताना दिसतात ते दोऱ्यासारखे बारीक पांढरे वेगळे, आणि गांडुळासारखा लांबलचक, फिकट गुलाबी तो राउंडवर्म वेगळा. हा चांगला वीतभर किंवा त्याहून मोठा होतो, आणि मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते! ती शीतून बाहेर पडतात, ओलसर उबदार मातीत दोन-तीन आठवडे मुरतात, मग न धुतलेली कोथिंबीर, मातीचे हात, असं करत कुणाच्यातरी तोंडात. म्हणजे ताजं अंडं लगेच बाधत नाही, उघड्यावर शौचाला बसणं बंद झालं की ही साखळी तुटते ती म्हणूनच. राउंडवर्म, हुकवर्म, व्हिपवर्म असे मातीतून होणारे सगळे जंत धरले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण 150 कोटी लोकांना लागण आहे, त्यातल्या बऱ्याच जणांना पत्ताही नसतो कारण जंत थोडेच असले तर सहसा त्रास काहीच होत नाही.

राउंडवर्मचा आतला प्रवास तर भन्नाट आहे. आतड्यात अंडं फुटतं, अळी आतड्याची भिंत भेदून रक्तातून लिव्हर, तिथून फुफ्फुसात, मग श्वासनळीतून वर घशाशी येते, आपण तिला गिळतो आणि ती परत आतड्यात येऊन मोठी होते. 1922 मध्ये कोइनो नावाच्या जपानी डॉक्टरने हे बघायला स्वतः 2000 अंडी गिळली आणि नंतर स्वतःच्याच थुंकीत अळ्या शोधून काढल्या. असो, हौस असते एकेकाला.

आता टेस्टचा घोळ इथेच आहे. अंडं गिळल्यापासून नवीन मादी अंडी घालायला लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात, तोवर स्टूल म्हणजे शीचा रिपोर्ट क्लीनच येणार, फारतर कोरडा खोकला आणि सीबीसीमध्ये, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतील. त्यानंतर मात्र काम सोपं, स्लाइडवर सलाइनचा थेंब, त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढी शी कालवायची, वर कव्हरस्लिप म्हणजे पातळ काच, की मायक्रोस्कोपखाली सोनेरी-तपकिरी, कडेने खडबडीत अंडं दिसतं, एकदा ओळखलं की विसरत नाही. किती लागण आहे ते मोजायचं असेल तर काटो-काट्झ पद्धत, त्यात साच्याने 41.7 मिलिग्रॅम शी घेतात, त्यातली अंडी मोजून 24 ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी कळतात. पण पोटात सगळे नरच असले तर अंडी येणार कुठून? म्हणून रिपोर्टवर 'नॉट सीन' लिहिलंय म्हणजे जंत नाहीतच असं नसतं, शंका असेल तर वेगवेगळ्या दिवशीचे सॅम्पल द्यावे लागतात.

आणि त्या बारीक पांढऱ्या जंतांसाठी स्टूल टेस्ट फारशी कामाचीच नाही, मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, म्हणून तर खाज रात्री सुटते. तिथे सकाळी उठल्याउठल्या, आंघोळीच्या आणि शी करायच्या आधी पारदर्शक सेलोटेप दाबून काढायची आणि ती स्लाइडवर चिकटवून बघायची.

10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत सगळ्यांना अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी देतात तेव्हा "टेस्ट न करताच गोळी कशी देता" म्हणून काही पालक चिडतात. चिडण्यासारखं काही नाही, जिथे लागण सर्रास आहे तिथे प्रत्येक पोराच्या शीची तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग आणि वर अशी चुकणारी.

कधी कधी जंत आपणहून बाहेर पडतो, शीतून नाहीतर उलटीतून. तेव्हा किंचाळून फ्लश करू नका, आधी फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.