त्वचा की मेंदू? पेशींना सांगतं कोण?

1921 आणि 1922 च्या वसंत ऋतूत जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात हिल्डे मॅन्गोल्ड ही विद्यार्थिनी न्यूटच्या भ्रूणांवर शस्त्रक्रिया करत होती. न्यूट म्हणजे दिसायला सरड्यासारखा, पण बेडकाच्या गोतातला उभयचर. त्याचा भ्रूण जेमतेम दोन मिलिमीटरचा. हत्यारं कसली, तर काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती, त्यामुळे बहुतेक भ्रूण संसर्गानं मरून जात. जे मोजके जगले, त्यांनी पुढची सत्तर वर्षं जीवशास्त्रज्ञांना कामाला लावलं.

वाढीच्या एका टप्प्यावर पेशींच्या पोकळ गोळ्यावर फट पडते आणि बाहेरच्या पेशी तिथून आत शिरू लागतात. या फटीच्या वरच्या कडेचा कणभर तुकडा काढून मॅन्गोल्ड यांनी तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. काही दिवसांत तिथं दुसरी मज्जानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मेरुरज्जू घडतात ती नळी) आणि दुसरा पृष्ठरज्जू (भ्रूणाच्या पाठीला आधार देणारी दांडी, नोटोकॉर्ड) तयार झाला. मूळ भ्रूणाला चिकटलेला जवळजवळ दुसरा भ्रूणच!

यातली खरी हुशारी रंगाच्या निवडीत होती. तुकडा फिक्या रंगाच्या जातीचा होता आणि यजमान भ्रूण गडद जातीचा. नव्या मज्जानलिकेतल्या बहुतेक पेशी गडद निघाल्या, म्हणजे त्या यजमानाच्याच. पोटाची त्वचा व्हायला निघालेल्या पेशींना शेजारी आलेल्या परक्या पेशींनी मज्जापेशी, म्हणजे मेंदू आणि मेरुरज्जूच्या पेशी, व्हायला लावलं होतं. मॅन्गोल्ड यांचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांनी या तुकड्याला ‘ऑर्गनायझर’ म्हटलं. निबंध 1924 साली छापून आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घरात स्टोव्हचा भडका उडून मॅन्गोल्ड गेल्या; वय अवघं 25. श्पेमान यांना 1935 चं नोबेल मिळालं. या प्रयोगाबद्दल बोलताना दोघांचीही नावं घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्न होता, ऑर्गनायझर सांगतो तरी काय? ‘मज्जापेशी हो’ असा आदेश देणारा रेणू शोधायला अनेक प्रयोगशाळा सरसावल्या आणि गोंधळात पडल्या. मारून टाकलेला ऑर्गनायझरही काम करी. मिथिलीन ब्लू या साध्या रंगद्रव्यानंही न्यूटच्या पेशी मज्जापेशी होत. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एकच आदेश कसा देतील?

पुढे बेडकाच्या भ्रूणातून एक धागा हाती लागला. बाह्यस्तराच्या, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातल्या, पेशी एकमेकींपासून सुट्या करून काही तास तशाच ठेवल्या, तर त्या आपसूक मज्जापेशी होतात. कोणाचा आदेश लागत नाही. उलट, त्वचा होण्यासाठीच संदेश लागतो! तो देणारं प्रथिन म्हणजे बीएमपी (बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन). पेशी ते बाहेर सोडतात, शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला ते चिकटतं आणि आतली त्वचेची जनुकं जागी होतात. पेशी सुट्या केल्या की हे प्रथिन भोवतालच्या द्रवात विरून जातं.

मग ऑर्गनायझर काय करतो? 1992 मध्ये रिचर्ड हारलँड यांच्या प्रयोगशाळेनं नोगिन हे प्रथिन शोधलं, 1994 मध्ये एडी डी रॉबर्टिस यांच्या गटानं कॉर्डिन. ऑर्गनायझर ही दोन्ही बाहेर सोडतो. ती वाटेतच बीएमपीला धरून ठेवतात, ग्राहीपर्यंत पोचू देत नाहीत. इतकी वर्षं शास्त्रज्ञ आदेश शोधत होते. सापडला तो आदेश अडवणारा. मला या सगळ्या कथेतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. आपला मेंदू ज्यांच्यापासून घडतो, त्या पेशींना एका संदेशापासून वेळीच वाचवलेलं असतं.

बीएमपीच्या नावातला ‘बी’ मात्र बोनचा, हाडाचा. खनिजं काढून टाकलेल्या हाडाची भुकटी स्नायूत ठेवली तर तिथं नवं हाड तयार होतं, असं मार्शल युरिस्ट यांनी 1965 मध्ये दाखवलं होतं; त्या भुकटीतल्या हाड घडवणाऱ्या प्रथिनाला पुढे हे नाव मिळालं. याच कुळातली प्रथिनं भ्रूणात त्वचा घडवतात आणि पुढे हाडही. ऐकणारी पेशी कोण, तिनं आधी काय ऐकलंय, यावर संदेशाचा अर्थ ठरतो.

सगळेच संदेश असे बाहेर सोडले जात नाहीत. नॉच आणि डेल्टा ही प्रथिनं पेशींच्या पृष्ठभागावरच रोवलेली असतात. दोन पेशी एकमेकींना टेकल्या तरच ती बोलतात. मज्जापेशी होऊ लागलेली पेशी याच मार्गानं लगतच्या पेशींना थोपवते, म्हणून सगळ्याच पेशी एकदम मज्जापेशी होऊन बसत नाहीत.

माणसात ऑर्गनायझरच्या कामाचा टप्पा तिसऱ्या आठवड्यात येतो आणि अनेक देशांत मानवी भ्रूण प्रयोगशाळेत 14 दिवसांपुढे वाढवता येत नाही. म्हणून 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अली ब्रिवानलू यांच्या गटानं मानवी मूलपेशींपासून ऑर्गनायझरसारख्या पेशी घडवल्या आणि कोंबडीच्या भ्रूणावर बसवल्या. मानवी पेशींचा संदेश कोंबडीच्या पेशींना कळला. त्यांनी तिथं मज्जाऊती घडवायला सुरुवात केली.