कॉली नेत्रविकृती

मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या काही जातींत आढळणारा जन्मजात, आनुवंशिक नेत्रविकार. रफ व स्मूथ कॉलींवरून त्याला हे नाव पडले. बॉर्डर कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यातही तो दिसतो. दृष्टिपटलामागचे (डोळ्याच्या आतल्या प्रकाशसंवेदी पडद्यामागचे) रंजितपटल, म्हणजे रक्तवाहिन्यांचा रंगीत थर, गर्भावस्थेतच नीट वाढत नाही. ते जिथे विरळ राहते तिथून मागचे पांढरे श्वेतपटल दिसते. हा फिकट डाग नेत्रतंत्रिकेच्या बिंबाशेजारी (ही तंत्रिका डोळ्याला जोडते ती गोल जागा), कानाकडच्या अंगाला असतो. विकार एवढाच असेल तर नजरेला सहसा धक्का लागत नाही. पण बिंबापाशी खाच असेल, दृष्टिपटल सुटले किंवा डोळ्यात रक्तस्राव झाला, तर अंधत्व येऊ शकते.

निदानात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. पिल्लाचे डोळे दहा-पंधरा दिवसांत उघडतात, पण तपासणीला योग्य काळ सहाव्या ते आठव्या आठवड्याचा. बाहुली रुंद करणारे थेंब घालून अंधाऱ्या खोलीत नेत्रदर्शकाने डोळ्याचा तळ पाहतात. वेतातले प्रत्येक पिल्लू आणि प्रत्येकाचे दोन्ही डोळे, कारण एका डोळ्यात विकार सौम्य आणि दुसऱ्यात गंभीर असू शकतो. उशीर झाला तर घोटाळा होतो. सुमारे तीन महिन्यांनंतर वाढते रंगद्रव्य सौम्य डाग झाकून टाकते आणि सदोष डोळा निरोगी भासतो. दोष मात्र रक्तात तसाच राहतो. म्हणून मोठ्या कुत्र्याचा ‘डोळे स्वच्छ’ असा दाखला प्रजननासाठी पुरेसा मानणे धोक्याचे आहे. मर्ल (फिकट रंगावर गडद ठिपक्यांच्या) रंगाच्या कुत्र्यांत डोळ्याचा तळ मुळातच फिका असल्याने अनुभवी तज्ज्ञही अडखळतात.

विकार अप्रभावी जनुकाने उतरतो, म्हणजे आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो; त्यामुळे वाहक (एकच सदोष प्रत असलेल्या) कुत्र्याचे डोळे निर्दोष असतात आणि नेत्रदर्शकाला तो सापडत नाही. २००७ मध्ये एनएचईजे१ या जनुकातील सुमारे ७,८०० आधारजोड्यांचा (डीएनएच्या घटकांच्या जोड्यांचा) लोप याच्याशी जोडला गेला. तेव्हापासून गालाच्या आतल्या नमुन्यावरून कोणत्याही वयात डीएनए चाचणी करता येते. ती कुत्रा निर्दोष, वाहक की बाधित हे सांगते, विकार किती तीव्र असेल ते सांगत नाही. त्यासाठी डोळाच पाहावा लागतो.

दोन वाहकांच्या संकरातून प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते. विकारावर उपचार नाही. कॉलींमध्ये तो इतका पसरला आहे की सर्व बाधित कुत्री प्रजननातून वगळली तर जातच आक्रसेल. त्यामुळे सौम्य बाधित कुत्र्याची जोडी डीएनए चाचणीत निर्दोष ठरलेल्या कुत्र्याशी लावली जाते. त्यांची पिल्ले वाहक होतात, बाधित नाही.