वेदनाशामके व जनुकीय फरक

शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या एकाच वेदनाशामकाचा, एकाच मात्रेचा गुण वेगवेगळ्या रुग्णांना कमीजास्त येतो. त्यामागच्या आनुवंशिक कारणांचा विचार औषध-जनुकशास्त्रात होतो. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर आहेत, दोघांनाही ट्रॅमाडॉलचे इंजेक्शन मिळाले आहे, अशी कल्पना करा. तासाभराने सिस्टर विचारतात, ‘‘दहापैकी किती दुखतंय?’’ एक म्हणतो तीन, दुसरा आठ. दुसऱ्याला ‘नाजूक आहे’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. प्रत्यक्षात त्याचे यकृत ते औषध नीट ‘उघडत’ नसण्याची शक्यता असते.

कोडीन हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. कोडीन स्वतः फारसे वेदनाशामक नाही. यकृतातील सीवायपी-२डी६ हे एन्झाइम त्याच्या थोड्या भागाचे मॉर्फिन करते आणि दुखणे कमी होते ते त्या मॉर्फिनमुळे. ट्रॅमाडॉलचेही बरेचसे तसेच. मात्र मूळ ट्रॅमाडॉलचा वेगळ्या मार्गाने थोडा परिणाम होत असल्याने ते अगदीच वाया जात नाही. या एन्झाइमचे जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते आणि त्याची शंभराहून अधिक रूपे माहीत आहेत. दोन्ही प्रती निकामी असतील तर कोडीनची गोळी जवळपास निरुपयोगी ठरते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे ५ ते १० टक्के असतात, दक्षिण आशियात त्याहून कमी. उलट काहींना या जनुकाच्या जादा प्रती मिळालेल्या असतात. इथिओपियातील एका पाहणीत त्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्के आढळले. त्यांच्या शरीरात मॉर्फिन झपाट्याने आणि जास्त तयार होते.

गुण कमी येण्यापेक्षा हा जादा गुणच अधिक घातक ठरला. कॅनडातील दोन वर्षांच्या एका मुलाची झोपेत श्वास अडकतो म्हणून टॉन्सिल व ॲडेनॉइडची शस्त्रक्रिया झाली होती. घरी नेताना नेहमीच्या मात्रेत कोडीन दिले गेले. दोन रात्रींनंतर मूल मृतावस्थेत आढळले. जनुकतपासणीत जादा प्रत निघाली. २००९ मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टॉन्सिल-ॲडेनॉइड शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध २०१३ मध्ये सर्वांत कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन व वेदनेसाठीचे ट्रॅमाडॉल दोन्ही निषिद्ध ठरवली.

जनुक चांगले असूनही एन्झाइम झोपू शकते. नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन चालू असेल तर ते सीवायपी-२डी६ला अडवते, आणि रुग्ण निकामी प्रती असलेल्यासारखा वागू लागतो. आपल्याकडे ट्रॅमाडॉलबरोबर उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन सर्रास देतात. गंमत अशी की तेही काही अंशी याच एन्झाइमने संपते. म्हणजे जादा प्रती असलेल्याला ट्रॅमाडॉल जास्त लागू पडते, आणि मळमळ थोपवणारे औषध मात्र लवकर ओसरते.

दुसरा फरक औषध जिथे जाऊन बसते त्या ग्राहीत असतो. मॉर्फिन ज्या ग्राहीवर बसते त्या म्यू-ओपिऑइड ग्राहीच्या ओपीआरएम१ या जनुकात ११८व्या जागी डीएनएच्या ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ हे अक्षर आशियाई लोकांत बरेच आढळते. सिंगापूरमध्ये सिझेरियन झालेल्या स्त्रियांवर यासंबंधी मोठे अभ्यास झाले. या स्त्रियांच्या हाताशी बटण असते; दुखले की दाबायचे, पंप ठरलेले मॉर्फिन सोडतो. दोन्ही प्रती ‘ए’ असलेल्यांना मॉर्फिन सर्वांत कमी लागले. २००९ च्या अभ्यासात चिनी, मलाय व भारतीय वंशाच्या स्त्रियांची तुलना होती. सर्वाधिक वेदना व मॉर्फिनचा वापर भारतीय गटात दिसला, जनुकाचा हिशेब वेगळा काढल्यावरही. बटण दाबणाऱ्या बोटामागे भीती असते, मागच्या बाळंतपणाची आठवण असते, रात्रीची झोपमोडही असते; एका अक्षराकडून सगळ्याचे उत्तर मागणे जास्तीचे होईल. इतरत्रचे निष्कर्ष एकत्र केल्यावर हा परिणाम लहानच उरला. म्हणून औषध-जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत (२०२१) ओपीआरएम१ किंवा वेदनेशी जोडलेले सीओएमटी हे दुसरे जनुक पाहून मात्रा बदलण्याची शिफारस नाही. सीवायपी-२डी६साठी मात्र आहे.

आयब्युप्रोफेन, मेलॉक्सिकॅम, सेलेकॉक्सिब ही औषधे सीवायपी-२सी९ने संपतात. तिथे दुबळे जनुक असेल तर औषध शरीरात रेंगाळते आणि दुष्परिणामांचा धोका वाढतो. पॅरासिटामॉलला सीवायपी-२डी६ची गरज लागत नाही आणि मॉर्फिन मुळातच तयार रूपात असते. त्यामुळे कोडीन लागू पडत नाही असे दिसले की कोडीनचीच मात्रा वाढवत न बसता औषध बदलणे सयुक्तिक असते. जनुकतपासणीला गालाच्या आतला फाया किंवा थोडे रक्त पुरते, पण अहवाल यायला दिवस लागतात. अपेंडिक्स तेवढे थांबत नाही. अशा वेळी भूलतज्ज्ञाच्या हाती रुग्णाची जुनी आठवण असते: मागच्या ऑपरेशनला कोणत्या गोळीने दुखणे थांबले, आणि कोणत्या गोळीने नुसतीच गुंगी आली.