'केंद्रोत्सारी' या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

नागपुरात मे महिन्यात घरोघरी कूलर चालतो. त्याच्या टाकीतला छोटा पंप ताट्यांपर्यंत पाणी चढवतो तो आतल्या फिरत्या पात्यांच्या जोरावर, आणि वॉशिंग मशीनचा ड्रायर कपडे पिळतो तोही फिरण्याच्याच जोरावर. दोन्ही ठिकाणी 'केंद्रोत्सारी' (केंद्रापासून बाहेर जाणारा) हा शब्द वापरला जातो. त्याचा अर्थ मात्र दोन्हीकडे एक नाही.

भोवरा, रवी आणि कुंभाराचे चाक यांची ओळख करून देण्याची गरज नाही. गोफणीकडे मात्र नीट पाहायला हवे. ज्वारीची राखण करताना गोफण गरगरा फिरवणारा शेतकरी दोरीचे टोक सोडतो, तेव्हा दगड केंद्रापासून थेट बाहेर जात नाही. त्या क्षणी तो वर्तुळाच्या ज्या बिंदूवर असेल, तेथील स्पर्शरेषेत सुटतो. म्हणूनच दगड लक्ष्यासमोर येण्याच्या सुमारे पाव फेरा आधी दोरी सोडावी लागते.

बाहेर ओढणाऱ्या, म्हणजे केंद्रोत्सारी, बलाची कल्पना १६५९ मध्ये एका डच शास्त्रज्ञाने गणितात मांडली; तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७०३ मध्ये छापला गेला. दरम्यान १६८७ च्या एका इंग्रज शास्त्रज्ञाच्या ग्रंथात केंद्राकडे खेचणाऱ्या बलाला त्याच धर्तीवर जोडीचा शब्द मिळाला होता. पुढे १८३५ मध्ये एका फ्रेंच अभियंत्याने फिरत्या चौकटीतील, म्हणजे सोबत फिरणाऱ्याला दिसणाऱ्या, गतीचा हिशेब मांडला, आणि बाहेर ओढणारे बल त्या चौकटीपुरते असते ही समजूत हळूहळू पक्की झाली.

मराठीत हा गुंता आणखी वाढला. ज्ञानकोशीय लेखनात 'केंद्रोत्सारी प्रेरणा' रूढ झाली, तर शालेय पुस्तकांनी 'बल' स्वीकारले आणि दहावीत केंद्राकडे खेचणाऱ्या बलासाठी 'अभिकेंद्री बल' आले. सेमी इंग्रजीच्या वर्गांत विज्ञान इंग्रजीतून शिकवले जात असल्याने यांपैकी कोणताच मराठी शब्द मुलांच्या तोंडी बसत नाही. 'बल' निवडले हे बरेच झाले, कारण प्रेरणेला आपल्या बोलण्यात निराळाच अर्थ आहे. खरी चूक झाली ती बाहेर ओढणाऱ्या बलाला 'आभासी' म्हणण्यात. या विशेषणामुळे ते बल म्हणजे नुसता भ्रम, असे विद्यार्थ्याला वाटते.

१२ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रायर मिनिटाला १३०० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेला कपड्यांचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २२५ पट असते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबात ड्रमची भिंत कपड्यांना आत ढकलते, आणि छिद्रांपाशी पाण्याला अडवणारी भिंतच नसल्याने ते निसटते. ड्रमसोबत फिरणाऱ्याच्या हिशेबात तेच पाणी बाहेर ओढले जाते. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. त्यामुळे 'आभासी' ऐवजी 'फिरत्या चौकटीतील' असे म्हणणे लांबलचक असले तरी अधिक प्रामाणिक ठरले असते.

पंपाच्या नावातील 'केंद्रोत्सारी' मात्र या वादात ओढण्याचे कारण नाही. पाणी पात्यांच्या मधोमध आत शिरते आणि कडेने बाहेर पडते, एवढेच तो शब्द तेथे सांगतो.