क्लेचा फराळ

क्लेचा फराळ : बाहुल्यांच्या खेळासाठी व सणाच्या आराशीसाठी पॉलिमर क्लेपासून घडवलेले करंजी, चकली, लाडू, अनारसे इ. पदार्थांचे लघुरूप. मराठवाड्यात तो भातुकलीत, बाहुलीघरात आणि महालक्ष्म्यांपुढच्या (गौरींपुढच्या) आराशीत मांडतात. नैवेद्याच्या ताटाशी त्याचा संबंध नाही. तिथे खरे पुरणच लागते.

'क्ले' म्हटले तरी या पदार्थात माती नसते. पीव्हीसी राळ, तिला मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर, भरणद्रव्य आणि रंग यांचा तो लगदा असतो. हवेत तो वाळत नाही; साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसला भाजल्यावर राळेचे कण प्लास्टिसायझर शोषून एकमेकांत मिसळतात आणि वस्तू कायमची टणक होते. फेविकॉल व कॉर्नफ्लोअर शिजवून घरी केलेला लगदा, तसेच बाजारातली एअर ड्राय क्ले, ही वेगळी द्रव्ये होत. पाणी उडून गेल्यावर ती आक्रसतात. बोलण्यात मात्र सगळ्यांनाच 'क्ले' म्हणतात.

या द्रव्याचा उगम बाहुल्यांशीच जोडलेला आहे. जर्मन बाहुलीकार केथे क्रूझे यांच्या कार्यशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहुल्यांच्या डोक्यांसाठी पर्यायी द्रव्य शोधले जात होते. तिथे आलेला एक प्लास्टिकचा लगदा कारखान्याच्या कामी आला नाही. त्यांची मुलगी सोफी, घरातले नाव 'फिफी', हिने तो हाताशी धरला, त्यावर प्रयोग केले आणि पुढे 'फिमोईक' या नावाने विकायला काढला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने तो घेतला आणि 'फिमो' हे नाव रूढ झाले. या नावाची फोड दोन प्रकारे करतात : फिफी अधिक 'मोडेलियरमासे' (घडवण्याचा लगदा), किंवा फिफी अधिक 'मोझाइक'. पहिली फोड अधिक प्रचलित आहे. पण 'फिमोईक' या आधीच्या नावाला मोझाइकची शेपटी स्पष्ट दिसते, ती सोडून देता येत नाही. अमेरिकेतली 'स्कल्पी' ही क्ले याच दशकातली. ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी केलेले मिश्रण त्या कामी न आल्याने ती घडली, असे सांगतात. म्हणजे दोन्हीकडे फसलेला माल हौशी हातांत गेला.

मराठवाड्यातल्या या कलेचे मूळ काही जण तेरपर्यंत मागे नेतात. धाराशिव जिल्ह्यातील तेर (प्राचीन तगर), तसेच पैठण व भोकरदन (भोगवर्धन) या सातवाहनकालीन स्थळी मातीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत. तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात पाहता येतात. त्यांपैकी पुष्कळ दोन भागांच्या साच्यातून काढलेल्या आणि आतून पोकळ आहेत. सामान्यतः त्या इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतल्या मानतात. दुहेरी साच्याचे तंत्र रोमन व्यापाराबरोबर आले असे एक मत आहे. साचा परका असला तरी केशरचना व दागिने इथलेच, असे दुसरे मत असून ते अधिक सावध वाटते. परंतु तेरच्या मूर्ती आणि आजची क्लेची चकली यांच्यामध्ये सलग धागा दाखवता येत नाही. दोन्ही 'छोट्या' आहेत एवढ्यावरून परंपरा सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा जवळचा पूर्वज स्वयंपाकघरात सापडतो, तो म्हणजे महालक्ष्म्यांचा फुलोरा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर उठतात. त्यांच्या डोक्यावर टांगायच्या फुलोऱ्यात करंज्या, पापड्या, साटोऱ्या यांच्याबरोबर वेणी, फणी, करंडा अशा वस्तूही पिठाच्या करून तळतात. पिठाची फणी करणाऱ्या घरात क्लेची करंजी ही फार दूरची उडी नाही. वस्तू आणि द्रव्य यांची फक्त अदलाबदल झाली. 'भातुकली' शब्दही इथे विचारात घ्यावा. तो 'भात'वरून थेट आल्याचे सहज मानले जाते. पण जुन्या मराठीत 'भातुके' म्हणजे मुलांना द्यायचा खाऊ, आणि खेळाचे नाव त्यावरून पडले असणे अधिक संभवते. पॉलिमर क्ले इकडच्या घरांत पोचली ती बहुधा ऑनलाइन खरेदी रुळल्यानंतर, व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांच्या हातून.

प्रमाण : बाहुलीघराचे रूढ प्रमाण १:१२, तर बार्बीसारख्या सुमारे २९ सेंमी. उंच बाहुलीचे १:६. सहा सेंमी.ची चकली पहिल्या प्रमाणात ५ मिमी., दुसऱ्यात १ सेंमी. होते. आराशीत हे प्रमाण पाळत नाहीत. हळदीकुंकवाला आलेल्यांना उंबऱ्यातून दिसावे म्हणून लाडू महालक्ष्म्यांच्या बाळांच्या (शेजारी मांडलेल्या बाळमूर्तींच्या) डोक्याएवढे करतात.

कृती : पांढऱ्या क्लेत पिवळा व किंचित तपकिरी रंग मळून पिठाचा रंग साधतात. चकलीसाठी हा गोळा सुई काढलेल्या सिरिंजमधून दाबून दोरा काढतात, त्याच्या दोन्ही अंगांना सुईने काटे ओढतात आणि वेटोळे करून शेवटचे टोक चिकटवतात. हे टोक सुटे राहिले तर भाजताना उलगडते. बुंदीच्या लाडवासाठी आधी भाजलेली केशरी क्ले किसून तो कीस द्रव क्लेत कालवतात. करंजीची मुरड कातणाऐवजी सुईच्या बोथट टोकाने घालतात. अनारशावर खरी खसखस लावण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि तो फसतो. खसखशीचा दाणा सुमारे १ मिमी.चा, ६ मिमी.च्या अनारशावर तो वाटाण्यासारखा दिसतो. पांढऱ्या रांगोळीची बारीक कणी तिथे चपखल बसते. 'तळल्याचा' रंग भाजण्याआधीच द्यावा लागतो : तपकिरी पेस्टल खडू खरवडून ती पूड कोरड्या कुंचल्याने कडांवर व उंचवट्यांवर फिरवतात. सगळीकडे सारखा रंग दिला की पदार्थ करपलेला दिसतो.

लातूर-धाराशिवकडच्या येळवशीचे (वेळ अमावस्येचे) जेवणही क्लेत करतात : कडब्याची कोप (खोपटे), भज्जी (भाज्या व शेंगांची मिश्र भाजी), उंडे (पिठाचे वाफवलेले गोळे), आंबिलाचे मडके. भज्जी करणे सोपे. आंबिलासाठी द्रव क्ले वापरतात.

भाजणे व जपणूक : भाजण्यासाठी स्वतंत्र ओटीजी (विजेची छोटी भट्टी) असावा, मायक्रोवेव्ह चालत नाही. तापमान फार चढले तर पीव्हीसी करपून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सुटतो. प्लास्टिसायझरमधल्या थॅलेट या रसायनांवर आक्षेप आल्याने आता बहुतेक नामांकित क्ले त्यांविना बनतात. तरी जी सुरी-लाटणे क्लेला लागले ते पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. घशात अडकण्याचा धोका तपासणाऱ्या ३१.७ मिमी. व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात चालत नाही, आणि बाहुलीघराच्या प्रमाणातला हा फराळ सगळाच त्यात मावतो.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली कच्ची क्ले तेव्हा आधी लिबलिबीत होते आणि बरेच दिवस तशीच राहिली तर अर्धवट पिकून भुसभुशीत पडते. म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवतात. पॉलिस्टायरीनच्या डबीत नव्हे, कारण कच्ची क्ले ती डबी विरघळवते. भाजलेल्या पदार्थांना मुंग्या लागत नाहीत, पण चकाकीसाठी नेलपॉलिश लावल्यास ते क्लेवर हळूहळू चिकट होते आणि त्यावर बसलेले आराशीतले कुंकू पुसून निघत नाही. पाण्यात मिसळणारे व्हार्निश त्यासाठी बरे.