मणक्याचा टीबी: सुरी कुठे लागते, गोळी कुठे पुरते

खानापूर, चिकोडी, निपाणी पट्ट्यात पाठदुखी म्हटली की आधी शेक, मग मालीश, मग कंबरेचा पट्टा. त्यात महिने जातात. एक दिवस पाठ चोळताना घरच्यांच्या बोटाला मधलाच मणका वर आलेला लागतो. टीबीने पुढच्या बाजूने कुजून मणका खचला की मागे असं पोक येतं. ‘आता ऑपरेशन, म्हणजे पाय गेलेच’ ही भीती तिथून घरात शिरते.

एके काळी ती खरी होती. पोक आणि पायांतलं बळ जाणं यांचा संबंध लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये मांडला, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू १८८२ मध्ये शोधला, पण औषध यायला आणखी साठेक वर्षं लागली. तोवर मणक्यापाशी पू साचून झालेलं गळू उघडलं की जखम वाहतच राहायची, दुसरे जंतू शिरायचे, रोगी खंगत जायचा. प्लास्टरच्या साच्यात महिनोन्महिने निजून राहणं, हाच मुख्य उपचार.

स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ पासून आयसोनियाझिड ही टीबीची औषधं आल्यावर सुरी निर्धास्त झाली. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये पुढून शिरून कुजलेलं हाड काढून तिथे चांगलं हाड बसवण्याची पद्धत मांडली. मग प्रश्न आला: हे सगळ्यांना लागतं का? ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने सगळ्या रोग्यांना औषधं देऊन तो पारखून घेतला. कोरियात मासानला काही रोगी सहा महिने खाटेवर ठेवले, काही पहिल्यापासून हिंडते. पुसानला काहींना प्लास्टरचं जाकीट, काहींना नाही. गुण सारखाच आला. आफ्रिकेत बुलावायोला (आजचं झिम्बाब्वे) नुसतं कुजकं हाड खरवडूनही जास्तीचा फायदा दिसला नाही. हाँगकाँगची मोठी शस्त्रक्रिया मात्र हाड लवकर सांधत होती, पोकही कमी वाढत होतं.

बनारसच्या डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मधला मार्ग’ मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आधी औषध; पायांतलं बळ काही आठवड्यांत परतलं नाही, उलट घटत गेलं, मणका डळमळीत झाला किंवा पोक वाढत राहिलं, तरच सुरी. लहान मुलांवर जास्त लक्ष हवं, कारण रोग बरा झाल्यावरही वाढीच्या वयात पोक वाढू शकतं.

आज रिफाम्पिसिन धरून चार औषधांनी सुरुवात होते आणि भारतात मणक्यासाठी साधारण वर्षभराचा कोर्स सांगतात. ऑपरेशन मिरजेला होवो, कोल्हापूरला किंवा बेळगावात, गोळ्या तेवढ्याच काळ घ्याव्या लागतात. सरकारी गोळ्या फुकट आहेत. उपचार सीमेपलीकडे सुरू झाला असेल, तर निक्षय या टीबी रोग्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीतली नोंद आपल्या गावच्या आरोग्य केंद्राकडे वळवून घ्या, म्हणजे महिन्याच्या गोळ्यांसाठी दुसऱ्या राज्यात खेटे घालावे लागणार नाहीत.